वारीचे फोटो दरवर्षी सारखेच येतात, स्वतःचे फोटो तपासायचे कसे?

भटका_कॅमेरा:
नमस्कार मंडळी. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून निदान जेजुरीपर्यंत तरी चालतो आणि फोटो काढतो. फोकस, एक्स्पोजर ठीक असतं, व्हॉट्सॲपवर हात जोडलेले इमोजीही भरपूर येतात, पण यंदाचे आणि मागच्या सालचे फोटो शेजारी लावले तर कुठला कधीचा ते मलाच सांगता येईना. तेच दिवे घाटाचं वळण, तीच डोक्यावर तुळस घेतलेली आजी, तोच सुरकुतलेल्या चेहऱ्याचा क्लोजअप. सगळे म्हणतात आपलेच फोटो नीट बघ, पण बघायचं म्हणजे नक्की काय? की सरळ नवी लेन्स घेऊ?

काळीपांढरी:
लेन्स राहू द्या हो. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा (फोटोबरोबर साठवलेली माहिती) फिल्टर आहे, त्यात फोकल लेन्थ लावून बघा, म्हणजे लेन्स किती एमएमवर होती ते; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. पैसे घालवायचे नसतील तर डिजिकॅम या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही तसं शोधता येतं. वारीत माणसं अक्षरशः खांद्याला खांदा लावून असतात, तिथे २०० एमएमच्या पुढचे फोटो ढिगानं निघाले तर तुम्ही लांब उभे राहून चोरून काढताय एवढं नक्की. आणि सगळे उभ्यानेच काढलेत का तेही बघा. विसाव्याला माणसं बसलेली असतात, आपणही बसावं की.

जुना_रोलवाला:
वरचं बरोबर आहे पण आकड्यांत सगळं सापडत नाही. निवडलेला फोटो बाजूला ठेवा आणि त्याच्या आधीचे-नंतरचे पाचसहा बघा, आम्ही रोलच्या काळात कॉन्टॅक्ट शीटवर (अख्ख्या रोलचे छोटे प्रिंट एकाच कागदावर) भिंग लावून हेच करायचो. आजी हसली, तुम्ही क्लिक केलं आणि लगेच वळलात, की थांबलात? सवय कळते ती तिथे, म्हणून कार्डावरचे नापास फोटो जागेवरच उडवू नका. दुसरं, लगेच बघू नका. गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर रोल मुद्दाम उशिरा धुवायचा, काढतानाचा मूड विसरला जावा म्हणून. आता १९८४ मध्ये गेला तेव्हा अडीचेक हजार रोल धुवायचेच राहिले होते, तेवढं ताणू नका :)

घाटमाथा:
मला हे जरा जास्तच चिरफाड वाटते, खरं सांगायचं तर. मी एवढंच करतो की फोटोखाली एक ओळ लिहितो, हा का काढला. "भक्तिभाव" असलं काही लिहिलं गेलं की फोटो बाद, कारण ते मी घरूनच ठरवून गेलेलो असतो. "टाळाची दोरी तुटली म्हणून दातात धरून गाठ मारतोय" असं लिहिता आलं तर ठेवायचा.

भटका_कॅमेरा:
फिल्टर लावला. निम्म्याहून जास्त २५० एमएमवर :( आणि ओळी लिहायला बसलो तर तुळशीवाल्या आजीखाली काही सुचेचना, नाव-गाव तर विचारलंच नव्हतं. पुढच्या आषाढात मोठी लेन्स घरी ठेवतो. पण पुढे तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला रिंगणासाठी लागेल ना?

काळीपांढरी:
तिथे उभं रिंगण असतं, वारकरी दोन्ही कडांना आणि घोडे मधनं पळत येतात. पुढच्या रांगेत बसायला मिळालं तर ३५ एमएम पुरे. पाय तेवढे आत घ्या.