एआय रिटचनंतर नवरीची टिकली गायब, नथ तरंगतेय, रंग दोन शेड उजळ. नक्की कुठलं सेटिंग चुकतंय?

मुंडावळ्या_२४

लग्नाचे साधारण ६०० फोटो आहेत, २४ मेगापिक्सेल, सगळे रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइल्स). लाइटरूम क्लासिकमध्ये रंग आणि एक्स्पोजर करून ८ बिट जेपेग काढले आणि क्रेडिटवर चालणाऱ्या एका एआय रिटचिंग सॉफ्टवेअरमध्ये एकच प्रीसेट (आधी ठरवलेल्या सेटिंगांचा संच) लावून सगळे एका दमात सोडले.

निकाल: बारीक काळी टिकली चार फोटोंत आहे, पाचव्यात नाही. नथीच्या क्लोजअपमध्ये नथ गालावर टेकलेली वाटत नाही, हवेत आहे. हळदीच्या फोटोंतली हळद फिकी पडली. सावळा चेहरा गोरा झालाय, गळा आणि हात मात्र मूळ रंगाचे. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मंडळींचे डोळे भलत्याच माणसांचे.

स्मूदनिंग ८० वरून ४० वर आणून पाहिलं, यातलं काहीच सुधारलं नाही. अल्बम १२×३६ इंचांचा आहे. प्रीसेट बदलू की सॉफ्टवेअर?

---

डाग_आणि_तीळ

स्मूदनिंगचा यात संबंधच नाही, म्हणून तो कमी करून फरक पडला नाही. तुमच्या प्रीसेटमध्ये चार वेगळी कामं एकत्र चालू आहेत आणि प्रत्येकाचा बिघाड वेगळा आहे.

टिकली खाल्ली ती डाग काढणाऱ्या भागाने. त्याला कपाळावर किंवा गालावर छोटं, गडद, गोलसर काही दिसलं की तो पुटकुळी समजतो. चंद्रकोर सहसा वाचते, कारण आकाराने मोठी आणि कडा स्पष्ट. बारीक काळी टिकली, चमकी, तीळ आणि कपाळाला चिकटलेली अक्षत या चौघांचं काही खरं नाही. चार फोटोंत राहते आणि पाचव्यात जाते याचं कारण हेच: मान जराशी वळली, टिकली दोन-चार पिक्सेलनी लहान दिसली, की तिची गणना डागांत. तीळ काढण्याचं बटण बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. ते आधी बंद करा. तीळ ही माणसाची ओळख असते, ती पार्टीने (म्हणजे ग्राहकाने) सांगितल्याशिवाय काढायची नाही.

नथीचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. नथ स्वतः शाबूत असते, जाते ती तिची सावली. वरच्या ओठावर आणि गालाच्या कडेला मोत्यांची जी बारीक वळणदार सावली पडते, ती त्वचेच्या रंगातला असमतोल म्हणून सपाट केली जाते. सावली गेली की दागिना चेहऱ्यावरून सुटतो. मुंडावळ्यांचंही तेच, दोन मोत्यांमधला दोरा कानशिलापाशी विरघळतो. १०० टक्के झूम करून तिथे बघा, नक्की सापडेल.

हळद आणि मळवट हे रंग सुधारणाऱ्या स्लायडरचे बळी. 'स्किन टोन एकसारखा करा' हा पिवळेपणाला लाइटची चूक समजतो, 'लालसरपणा कमी करा' हा मळवटाला त्वचेची जळजळ समजतो. हळदीच्या सगळ्या फोटोंना हे दोन्ही शून्यावर हवेत. तिथे स्मूदनिंगही नको. हळदीचा ओबडधोबड थरच तर फोटोत दिसायला हवा. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर सोडू नका, पांढऱ्या सदऱ्यावरून किंवा उपरण्यावरून घ्या, जरीवरून नको.

उजळपणा हा प्रीसेटमधला वेगळा स्लायडर असतो आणि तयार प्रीसेटमध्ये तो बऱ्याचदा आधीच वर ठेवलेला असतो. शून्य करा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा. फोटोशॉपमध्ये कलर सॅम्पलरने कपाळ, गाल आणि गळा असे तीन ठिपके लावा, इन्फो पॅनलमध्ये त्यांचा रीडआउट लॅब कलरवर ठेवा आणि एल हा उजळपणाचा आकडा रिटचच्या आधी आणि नंतर ताडून पाहा. एक-दोनचा फरक चालतो. चेहरा पाच-सहाने वर गेला आणि गळा जागेवर असला, तर छापून आल्यावर मुखवटा लावल्यासारखं दिसणारच.

---

काळापांढरा

वरचं सगळं मान्य, पण मुळात बॅचची रचनाच चुकली आहे. मी तरी एक साधा नियम सांगेन: जे साधन फोटोतलं काही *पुसू* शकतं ते बॅचमध्ये सोडायचं नाही. जे फक्त *मऊ* करतं ते खुशाल सोडा.

६०० चे तीन ढीग करा.

मधल्या अंतराचे फोटो सगळ्यात जास्त असतात, समजा साडेचारशे. यांना ते सॉफ्टवेअर लागतच नाही. लाइटरूममध्ये पीपल मास्क (माणसं आपोआप ओळखून फक्त तेवढाच भाग निवडणारं साधन) घ्या, त्यात 'फेस स्किन' निवडा, टेक्स्चर उणे १५ ते उणे २०, क्लॅरिटी उणे ५. त्याच मास्किंगमध्ये दुसरा मास्क दातांचा: सॅच्युरेशन उणे २५, एक्स्पोजर अधिक ०.१०, याहून वर नको. हे एका फोटोवर करून बाकीच्यांना सिंक करा, मास्क प्रत्येक फोटोत नव्याने मोजला जातो. टेक्स्चरचा स्लायडर काही पुसत नाही, त्यामुळे टिकली, तीळ, चमकी जागच्या जागी. क्रेडिटही वाचतात. सिंक झाल्यावर फिल्मस्ट्रिपवरून एक नजर फिरवा, कारण बाजूने काढलेल्या चेहऱ्यांत मास्क कधीकधी पदरावर सांडतो.

ग्रुप फोटोंना काहीही नको. हिशोब करून पाहा. ६००० पिक्सेल रुंदीत एका रांगेत १३ माणसं खांद्याला खांदा लावून उभी, म्हणजे माणशी साधारण ४६० पिक्सेल. खांद्याच्या मानाने चेहरा जेमतेम एक तृतीयांश, म्हणजे दीडशे पिक्सेलच्या आसपास. मागची रांग त्याहून कमी. एवढ्यात डोळ्याच्या वाट्याला येतात जेमतेम ३० पिक्सेल. 'फेस रिकव्हरी' किंवा 'चेहरा स्पष्ट करा' चालू असेल तर सॉफ्टवेअर ती माहिती शोधत नाही, रचतं. जीएफपीगॅन, कोडफॉर्मर या खुल्या मॉडेल्समध्ये तर हे उघडच दिसतं: चेहरा ५१२×५१२ च्या चौकटीत बसवून घेतात, शिकलेल्या हजारो चेहऱ्यांच्या अंदाजावर नवा रंगवतात आणि परत चिकटवतात. कोडफॉर्मरमध्ये त्यासाठी ० ते १ असा एक आकडा दिलेला आहे. शून्याकडे नेलात तर चेहरा चकचकीत पण परका, एककडे नेलात तर खरा पण धूसर. अल्बममधल्या काकांना धूसर राहू द्या. परके डोळे घरच्यांना पहिल्या नजरेत कळतात.

उरले क्लोजअप, ३०-४०. एआय वापरायचं तर इथे, आणि एकेक फोटो उघडून.

---

डाग_आणि_तीळ

क्लोजअपची पद्धत लिहितो.

आधी रॉवर डीनॉइज (फोटोतले दाणे काढणं), मग व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर. कॉन्ट्रास्टचा किंवा सिनेमॅटिक रंगाचा प्रीसेट या टप्प्यावर लावायचा नाही. कॉन्ट्रास्ट वाढला की प्रत्येक छिद्राची सावली गडद होते आणि एआयला डाग दुप्पट दिसतात. रंगकाम रिटचनंतर.

१६ बिट टिफ काढा. कलर प्रोफाइल (फाइलमधले रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) जपून: अॅडोबी आरजीबीमधली फाइल एखाद्या प्लगइनने एसआरजीबी समजून वाचली तर त्वचा मातकट होते आणि दोष स्किन टोनच्या स्लायडरवर जातो. शंका असेल तर सरळ एसआरजीबी.

फोटोशॉपमध्ये मूळ लेयर खाली, एआयची प्रत वर. वरच्या लेयरला पांढरा मास्क. आता हार्डनेस ८० टक्के असलेल्या काळ्या ब्रशने टिकली, चमकी, तीळ, नथ *आणि तिची सावली*, मुंडावळ्यांचे दोरे, भुवया आणि केसांची कड एवढं मोकळं करा. सराव झाला की फोटोमागे दोन मिनिटं. ब्रश अगदी मऊ घेतलात तर टिकलीभोवती मूळ त्वचेचं वलय दिसतं.

मग एआयच्या लेयरची ओपॅसिटी ५० ते ६५ टक्के. रंगच सरकला असेल तर लेयरचा मोड ल्युमिनॉसिटी करा, मूळ रंग परत येतो. उजेड सरकला असेल तर फक्त एआयच्या लेयरवर चालेल असा कर्व्हज (उजेड कमी-जास्त करणारा) लेयर क्लिप करून मधला बिंदू खाली ओढा, गालाचा एल मूळ आकड्यावर येईपर्यंत.

चेहरा बारीक करणं, डोळे मोठे करणं हे सगळं बंद. नाहीतर दोन लेयर एकमेकांवर बसत नाहीत आणि मास्कच्या कडेला दुहेरी भुवई दिसते.

---

मुंडावळ्या_२४

तीळ आणि उजळपणाची दोन्ही बटणं चालू होती, पकडली. लाइटरूमचा मास्क १२० फोटोंना लावून पाहिला, टिकल्या शाबूत आहेत.

दोन शंका. १६ बिट टिफने हार्डडिस्क भरणार नाही का? आणि एका क्लोजअपमध्ये नवरदेवाच्या चष्म्यावर व्हिडिओ लाइटचा झोत आहे, तो जनरेटिव्ह फिलने (फोटोशॉपमधलं, एआयने भाग नव्याने भरणारं साधन) जाईल का?

---

काळापांढरा

२४ मेगापिक्सेलची १६ बिट सपाट टिफ बिनाकॉम्प्रेशन साधारण १४४ एमबी. सहाशे केल्या तर ८६ जीबी, चाळीस केल्या तर सहाच्या आत. लेयर आले की प्रत्येकी दुप्पट-तिप्पट धरा. ढीग वेगळे करायला सांगितलं त्याचं अर्धं कारण हेच.

चष्म्यावर जनरेटिव्ह फिल नको. झोताखाली डोळा दिसतच नाही, तर तो आणणार कुठून? नवा बनवतो. कधी बुबुळाचा रंग दुसऱ्या डोळ्याशी जुळत नाही, कधी नजर वेगळीकडे जाते. शिवाय सर्व्हरवर जाणाऱ्या फोटोला पार्टीची परवानगी आहे का, तेही बघा. त्याच क्षणाच्या मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये मान जराशी वळलेली असते आणि झोत सरकलेला असतो. तिथला डोळा उचला, काचेच्या आतल्या कडेपर्यंत मास्क करा. मंडपामागची वायर, खांबावरचा प्लग, डोक्यातून उगवलेला माइकचा दांडा यांना मात्र रिमूव्ह टूल किंवा जनरेटिव्ह फिल बिनधास्त वापरा.

---

मॅट_की_ग्लॉसी

छपाईच्या बाजूने थोडं.

१२×३६ ची पूर्ण शीट ३०० पीपीआयला (इंचामागे ३०० पिक्सेल) म्हणजे ३६०० × १०८०० पिक्सेल. तुमचा ६००० पिक्सेलचा फोटो अख्ख्या शीटवर पसरला की उरतात १६७ पीपीआय. छपाई म्हणून चालतं. पण आधीच डीनॉइज केलेली आणि वर एआयने घासलेली त्वचा तेवढी ताणली की मेणाची दिसते. यावर उपाय दाण्यांचा. सगळ्यात वर ५० टक्के ग्रे भरलेला लेयर, मोड सॉफ्ट लाइट, त्यावर अॅड नॉइज: गॉशियन, मोनोक्रोमॅटिक, ३-४ टक्के. स्क्रीनवर जेमतेम जाणवेल, कागदावर त्वचा परत त्वचा होते. पार्श्वभूमीच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे आले असतील तर तेही यात मिसळतात.

ओपॅसिटी ठरवताना १०० टक्के झूमवर ठरवू नका. २४ इंची फुल एचडी मॉनिटर साधारण ९२ पीपीआयचा असतो. त्यावर ३०० पीपीआयचं पान ३१-३३ टक्के झूमला छापील आकाराएवढं दिसतं. शीटवर फोटो बसवून या झूमला ओपॅसिटी ठरवा, १०० टक्क्याला फक्त चुका शोधा. बहुतेक चेहरे प्लास्टिकचे होतात ते १०० टक्क्यावर छिद्रं मोजत बसल्याने.

आणि याच क्लोजअपमधून पासपोर्ट-व्हिसाचे फोटो कापून द्यायचा आग्रह पार्टी हमखास धरते. देऊ नका. अमेरिका आणि ब्रिटन दोघांच्याही पासपोर्टच्या नियमांत सॉफ्टवेअरने बदललेला फोटो चालत नाही. अमेरिकेच्या सूचनांत तर एआयचं नाव घेऊन लिहिलंय. मूळ रॉ काढा, रिटच न करता द्या.

---

मुंडावळ्या_२४

शेवटचं. जे ६०० जेपेग आधीच प्रोसेस झालेत त्यातले काही पार्टीने मोबाइलवर पाहून पसंत केलेत. कुठे काय खाल्लं गेलंय ते एकेक चेहरा ताडून बघायचं की काही सोपा मार्ग आहे?

---

डाग_आणि_तीळ

आहे. फोटोशॉपमध्ये फाइल मेनूतल्या स्क्रिप्ट्समधून 'लोड फाइल्स इंटू स्टॅक', मूळ जेपेग खाली, रिटच केलेला वर. वरच्याचा मोड डिफरन्स. जिथे काही बदललं नाही तिथे काळं, बदललं तिथे उजळ. त्यावर लेव्हल्स घालून उजवा त्रिकोण २५५ वरून ४०-५० वर आणा. गेलेली टिकली कपाळाच्या मधोमध उजळ ठिपका होऊन दिसते, नथीची सावली कमानीसारखी, आणि चेहराभर सपाट करडा थर आला तर तो उजळपणाचा स्लायडर. हे अॅक्शनमध्ये बसवलंत की फोटोमागे दहा सेकंद पुरतात.

साऱ्या चौकटीवर बारीक चौकोनी दाणे दिसतील, त्याकडे दुर्लक्ष करा. ते जेपेग दुसऱ्यांदा सेव्ह झाल्याचे आहेत. केसांच्या किंवा पदराच्या कडेने सलग दुहेरी रेघ दिसली तर मात्र चेहरा बारीक करणारा स्लायडर चालू होता असं समजा. त्या फोटोंवर मास्क मारून उपयोग नाही, ते रॉपासून परत करावे लागतील.