मदत हवी आहे: पातळ थरांच्या वक्र पत्र्याचं गणित मध्येच अडकतंय

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजारात राहतो. एम.टेक.च्या प्रकल्पात तीन थरांच्या काँपोझिट (तंतू घातलेल्या संमिश्र) वक्र पत्र्याचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (लहान तुकड्यांत विभागून केलेलं संगणकी गणित) करतोय आणि आठवडाभर एकाच जागी अडकलोय.

नमुना नेहमीचाच: त्रिज्या 2540 मिमी, लांबी 508 मिमी, सरळ कडा बिजागरीवर, वक्र कडा मोकळ्या, मधोमध एकच भार, थर 0/90/0 (प्रत्येक थरातल्या तंतूंचा कोन, अंशांत). जाडी 12.7 मिमी ठेवली की उत्तर छान येतं, 6.35 केली की गाडी रुतते. भार वाढवत नेला तर भार-विस्थापन आलेखाच्या पहिल्या शिखरापाशीच सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) हात टेकतो. विस्थापन (पत्रा किती दबला ते) वाढवत नेलं तर थोडा पुढे जाऊन थांबतो, कारण तिथे आलेख मागे वळतो, भार आणि विस्थापन दोन्ही एकाच वेळी उतरतात. डब्याचं पत्र्याचं झाकण अंगठ्याने दाबलं की टक् करून आत जातं ना, त्याच जातीचा प्रकार, पण याहून अवघड. म्हणून अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये रिक्स लावलं, म्हणजे आलेखाच्या वाटेवरूनच पावलं टाकत जाणारी पद्धत. एनएलजिओम (मोठे आकारबदल धरणारा पर्याय) चालू आहे, एस4आर (चार टोकांचा पातळ पत्र्यासाठीचा) एलिमेंट, पाव भागावर 16 बाय 16 जाळी. तरी ते आलेल्या वाटेनेच परत फिरतं!

कमाल आर्क-लेंग्थ (रिक्सच्या एका पावलाची लांबी) तुम्ही किती ठेवता? सममिती धरून पाव भागच घेतल्याने एका बाजूला कलणारा आकार हातचा जातोय का? आणि 0 अंश सरळ कडेला समांतर की वक्र दिशेला? ही शंका सर्वांत जास्त छळतेय, कारण ते उलटं झालं तर 90/0/90 चंच उत्तर हाती येतं.

इनपुट फाइल लगेच टाकतो.