युकातानचे गव्हर्नर म्हणजे नुसती प्यादी? पटलं नाही, म्हणून वेगळा धागा

पाणचक्की

मेक्सिकोवरच्या लेखाखाली सडेतोड यांनी परवा लिहिलं की युकातानच्या (मेक्सिकोचं आग्नेयेकडचं राज्य, राजधानी मेरिदा) गव्हर्नरांचा इतिहास वाचण्यात वेळ घालवू नका, सगळी मेक्सिको सिटीने बसवलेली प्यादी, एक कारियो पुएर्तो (1922 ला गव्हर्नर झालेला) तेवढा माणूस, त्याला गोळ्या घातल्या, विषय संपला. तिथेच उत्तर लिहायला बसले पण लांबत गेलं आणि राग काही जाईना, म्हणून इथे.

अहो ज्या राज्याने 1841 मध्ये मेक्सिकोशी काडीमोड घेतला, 43 मध्ये स्वतःच्या अटी घालून परत आलं आणि 46 मध्ये परत फुटलं, त्या राज्याचे गव्हर्नर कोणाची प्यादी? सान्तियागो मेंदेस काम्पेचेच्या व्यापाऱ्यांचा, मिगेल बार्बाचानो मेरिदावाल्यांचा, दोघं आलटून पालटून खुर्चीवर. 1847 च्या जुलैत मायांचा उठाव झाला, पुढच्या वर्षी मेरिदा हातची जायची वेळ आली तेव्हा याच मेंदेसने अमेरिका, स्पेन आणि ब्रिटन तिघांनाही एकदम कळवलं की आम्हाला वाचवा आणि हे राज्य तुमचं घ्या. प्यादं असं करतं? ऑगस्ट 48 मध्ये बार्बाचानोच्या हातून युकातान मेक्सिकोत परत गेलं ते काही मेक्सिको सिटी बलवान होती म्हणून नाही, ती स्वतःच नुकती अमेरिकेकडून हरून अर्धा मुलूख घालवून बसली होती. गेलं ते मायांच्या भीतीने.

माझं म्हणणं एवढंच की या खुर्चीत कोणी बसवलं हा प्रश्नच दुय्यम आहे. वाखाचा पैसा ज्याच्या हातात, खुर्चीत जोर त्याचा. हेनेकेन म्हणजे आपल्या घायपाताचाच भाऊबंद, अमेरिकेतला गहू कापून पेंढ्या बांधायला त्याची सुतळी लागायची, आणि त्या एका पिकावर सगळं राज्य उभं होतं. 1902 मध्ये ओलेगारिओ मोलिना गव्हर्नर झाला आणि त्याच वर्षी त्याच्याच पेढीने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन शेतीयंत्रांच्या कंपनीशी करार केला. गव्हर्नर तोच, निर्यातदार तोच. मेरिदाचे रस्ते फरसबंद झाले, हॉस्पिटल झालं, 1906 मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास बघायला आला. याला प्यादं म्हणणार असाल तर मला पुढे बोलायचं नाही.

सडेतोड

बोलायचं नाही म्हणता आणि एवढं लिहिता. असो. मोलिनाचंच घेऊ. 1907 मध्ये तो दियासच्या मंत्रिमंडळात गेला, म्हणजे दियासचा माणूस होता ना? 1915 मध्ये साल्वादोर आल्वारादो आला तो कोण? सिनालोआचा जनरल, क्रांतीतला मेक्सिको सिटीवाला नेता कार्रान्सा याने फौज देऊन पाठवलेला, युकातानच्या एका माणसाने मत दिलं नव्हतं त्याला. आणि ज्याला मी स्वतः मोठा माणूस म्हणतो तो कारियो पुएर्तो, त्याचं काय झालं? डिसेंबर 1923 मध्ये केंद्र सरकारविरुद्ध दे ला वेर्ताचं बंड झालं, मेरिदाची पलटण उलटली, वरून मदत आली नाही, आणि 3 जानेवारी 1924 ला मेरिदाच्या स्मशानात तीन भावांसकट भिंतीपुढे उभा केला. वरचा हात काढला की खुर्ची खलास. हेच तर म्हणत होतो.

बांधावरची_बाभूळ

गव्हर्नर राहूदे बाजूला जरा. वाख म्हणाल तर मला बोलायलाच लागेल. आमच्या बांधावर घायपात होतं, आजोबा पानं कापून खड्ड्यात पाण्यात कुजवत घालायचे, मग बडवून धुवून वाख काढायचा, त्याचे कासरे आणि दावी वळायची. त्या पाण्याने हात असे खाजायचे की रात्री झोप नाही, आणि काट्याने भोसकलं की आठवडाभर सूज. हे आमचं चार झाडांचं काम. तिकडे नजर पोचेल तिथपर्यंत तेच पीक आणि दिवसाला हजारो पानं कापायचं बंधन. माणूस हासिएंदाच्या, म्हणजे जमीनदाराच्या मळ्याच्या, दुकानातून उधारीवर माल घ्यायचा, ती उधारी कधी फिटायची नाही, बापाची पोराच्या नावावर चढायची. ऊसतोडीतली उचल ज्यांनी बघितलीय त्यांना हे सांगायला नको. आणि एवढ्यावर भागेना म्हणून सोनोरातून याकी लोक पकडून पकडून आणले, बायकापोरांची ताटातूट करून, त्या उन्हात ते माश्यांसारखे मेले. आणि पाणचक्कीताई आम्हाला मोलिनाचे फरसबंद रस्ते सांगतायत. त्या फरशा कोणाच्या हातांनी आल्या?

पाणचक्की

बाभूळ, मी मोलिनाची आरती करत नाहीये. तो बलवान होता म्हटलं, चांगला होता असं कुठे लिहिलंय दाखवा.

मेरिदाकर

कामानिमित्त काही वर्षं मेरिदात होतो म्हणून लिहितोय. पासेओ दे मोन्तेहोवरचे वाडे बघा, पॅरिसमधून उचलून आणल्यासारखे, सगळा पैसा हेनेकेनचा. गावाबाहेरच्या हासिएंदांची आता हॉटेलं झालीत, लग्नं लागतात तिथे. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा माया घरातला होता, त्याचे आजोबा अशाच एका हासिएंदावर पानं कापायचे. कंपनीची पार्टी तिथल्याच एका हॉटेलात ठेवली तेव्हा तो आला नाही. कारण विचारलं तर म्हणाला आजोबांना जिथे फटके पडले तिथे मी जेवणार नाही. एवढंच बोलला आणि परत कामाला लागला.

त्याच्या घरात फोटो कोणाचा, तर फेलिपे कारियो पुएर्तोचा. आल्वारादोचा नाही. खरं तर वेठबिगारीच्या कर्जातून पेऑनांना म्हणजे बांधील मजुरांना सोडवण्याचं काम आल्वारादोने प्रत्यक्षात उतरवलं, त्याआधी 1914 मध्ये गव्हर्नर एलेउतेरिओ आविलाने हुकूम काढला होता पण जमीनदारांनी त्याला गुंडाळला. तरी फोटो लागतो तो फेलिपेचाच, कारण तो इथल्याच मोतुल गावचा, माया भाषेत बोलायचा. 1 फेब्रुवारी 1922 ला गव्हर्नर झाल्यावरचं पहिलं भाषण त्याने मायात केलं. मेरिदाच्या चौकात गव्हर्नर मायात बोलतोय हे लोकांनी आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

रेवती_क

फोटो फेलिपेचा लागतो हे ठीक आहे, पण बायकांचं काय केलं कोणी ते कोणीच लिहिणार नाही का? जानेवारी 1916, मेरिदाच्या पेऑन कोन्त्रेरास थिएटरात स्त्रियांची परिषद भरली, सहाशेच्या वर बायका, बहुतेक शिक्षिका. बोलावली कोणी, तर ज्याला सडेतोड "पाठवलेला जनरल" म्हणतात त्या आल्वारादोने. स्त्रीहक्कांसाठी लिहिणारी एर्मिला गालिंदो स्वतः आली नव्हती, तिचा निबंध वाचला गेला तर सभेत गदारोळ. जे लोकल होते त्यांच्यापैकी एकालाही आधी हे सुचलं नव्हतं. बाहेरचा आला म्हणूनच झालं.

सडेतोड

परिषद भरवली, मत दिलं का? नाही. 1922 मध्ये रोसा तोरे मेरिदाच्या कौन्सिलवर निवडून आली, 1923 मध्ये एल्विया कारियो पुएर्तो राज्याच्या काँग्रेसमध्ये, हे फेलिपेच्या काळात. आल्वारादोच्या नाही.

रेवती_क

आणि फेलिपेला मारल्यावर त्या बायकांच्या जागा गेल्या, एल्वियाला जीव वाचवून पळावं लागलं, आणि देशात मत मिळायला 1953 उजाडलं. एका माणसाच्या मर्जीवर मिळालेला हक्क त्या माणसाबरोबर जातो. 1953 नंतर सुद्धा युकातानच्या खुर्चीत पहिली बाई बसायला 1991 लागलं, दुल्से मारिया साउरी, ती पण इंटरिम म्हणजे हंगामी म्हणून. निवडून आलेली पहिली इव्होन ओर्तेगा, 2007. तुमच्या फोटोतल्या माणसाबद्दल आदर आहे मला, पण एल्वियाचं नाव नेहमी "त्याची बहीण" म्हणून येतं याचा संताप येतो. बायकांच्या लीग म्हणजे संघटना बांधत गावोगाव ती फिरली होती.

खडूफळा

सगळे भावनेवर चाललेत म्हणून पैशाचं बोलतो. पाणचक्की म्हणतात वाखाचा पैसा हातात तो बलवान. मग आल्वारादोने काय केलं ते पूर्ण सांगा. विक्री सगळी सरकारी कमिशनकडे घेतली, महायुद्ध चालू, भाव दुपटीहून खूप वर नेला, त्यातून शाळा काढल्या, मान्य, चांगल्या काढल्या. पण गिऱ्हाईक अमेरिकन शेतकरी, त्याच्या सिनेटने 1916 मध्ये चौकशी लावली, आणि युद्ध संपताच भाव कोसळला, कमिशनचं दिवाळं निघालं. दरम्यान गिऱ्हाइकाने दुसरीकडे बघायला सुरुवात केलेली. जर्मनांनी 1893 मध्येच सिसल, हेनेकेनचाच भाऊबंद, पूर्व आफ्रिकेत नेलं होतं, सिसल हे नावसुद्धा युकातानच्याच बंदराचं. पुढे कंबाइन आलं आणि पेंढ्या बांधायची गरजच संपत गेली. युकातान बुडायला सुरुवात झाली ती तुमच्या लाडक्या सुधारक जनरलमुळे.

बांधावरची_बाभूळ

खडूफळा, भाव वाढवला म्हणून बुडालं म्हणता? म्हणजे मोलिनाच्या काळासारखा हार्वेस्टर सांगेल त्या भावाला माल घालत राहायचं? आमच्याकडे कांद्याला चार पैसे मिळायला लागले की लगेच कोणीतरी येऊन हेच सांगतो, भाव वाढला तर गिऱ्हाईक जाईल. गिऱ्हाईक कायमच जाणार असतं, शेतकऱ्याने मग काय करायचं? माझ्या चुलत्याने भाव पडला त्या वर्षी उभ्या कांद्यात नांगर घातला, मी डोळ्यांनी बघितलंय. मला आकडे शिकवू नका.

खडूफळा

कांद्याचा आणि हेनेकेनचा संबंध नाही. कांदा चार महिन्यांत येतो, हेनेकेनचं पहिलं पान कापायला सहा-सात वर्षं जातात. एकदा लावलं की अडकलात. तोच तर मुद्दा आहे, अशा पिकावर जुगार खेळायचा नसतो.

बांधावरची_बाभूळ

जुगार मजुरांनी लावला होता का?

मेरिदाकर

दोघंही थांबा जरा, हा कांद्याचा धागा नाही. आणि खडूफळा, आफ्रिकेतलं सिसल आल्वारादो यायच्या दोन दशकं आधी लावलं गेलं हे तुम्हीच लिहिलंय, मग बुडवायला त्याने सुरुवात कशी केली?

खडूफळा

बरं, सुरुवात नाही. घाई केली म्हणतो. त्यापलीकडे सोडणार नाही.

ओसरीवर

मध्येच विचारतो, आपले पांडुरंग खानखोजे पण मेक्सिकोत होते ना? या गव्हर्नरांशी काही संबंध?

पाणचक्की

खानखोजे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायचे, ते मेक्सिको सिटीजवळ. मक्यावरचं त्यांचं काम मोठं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे नको, आधीच कांदा शिरलाय.

सडेतोड

मूळ प्रश्नाकडे या. कारियो पुएर्तोला जमीनदारांनी पैसे चारून मारवलं असं इथे कोणी म्हणण्याआधी सांगतो, त्याच्यावर खटल्याचं नाटक करून गोळ्या घातल्या त्या बंडखोर लष्कराने. जमीनदारांच्या पैशाची गोष्ट शंभर वर्षं तोंडोतोंडी चाललीय.

पाणचक्की

पैसे दिले का नाही ते सोडा. त्याने मजुरांच्या लीग बांधल्या, गावांना जमिनी द्यायला सुरुवात केली, शेवटी पडीक हासिएंदा ताब्यात घ्यायचा कायदा आणला. फायदा कोणाचा झाला हे स्वच्छ आहे. आणि वरचा हात काढला म्हणून तो पडला असं तुम्ही म्हणता, मी म्हणते वाखाचा पैसा पुरता त्याच्या हातात कधी आलाच नाही म्हणून पडला. भाव पडलेला, तिजोरी रिकामी, लीगच्या माणसांकडे बंदुका नाहीत. राष्ट्राध्यक्ष कार्देनासने 1937 मध्ये स्वतः येऊन हासिएंदा वाटल्या, 1938 पासून हेनेकेनेरोस दे युकातान ही संस्था गव्हर्नरच्या हाताखाली आली, तेव्हा बघा खुर्चीत परत कसा जीव आला. 1955 मध्ये ती मोडून सगळं फेडरल बँकेकडे गेलं आणि गव्हर्नर खरोखर सांगकाम्या झाला. त्या नंतरच्या काळापुरतं सडेतोड यांचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. 1841 पासूनच्या सगळ्यांना तो शिक्का लावू नका.

मेरिदाकर

मग गव्हर्नर सेर्वेरा पाचेको कुठे बसतो तुमच्या हिशेबात? 1984 मध्ये इंटरिम, 88 पर्यंत. मग राष्ट्राध्यक्ष सालिनासच्या काळात कृषी सुधारणा मंत्री. मग 1995 मध्ये परत गव्हर्नर, यावेळी निवडून, 2001 पर्यंत. ज्या देशात "पुन्हा निवडणूक नाही" या घोषणेवर क्रांती झाली तिथे हा माणूस दोनदा बसला, कारण काय तर पहिल्यांदा निवडून आलो नव्हतो. तोवर वाखात काही उरलं नव्हतं, कोर्देमेक्स ही हेनेकेनची सरकारी कंपनी सरकारने विकून टाकली होती. तरी गावागावात लोक त्याला नावाने हाक मारायचे, सायकल, शिलाई मशीन, कोंबड्या, पत्रे, जे मागाल ते मिळायचं. पैसा वाखाचा नव्हता, जोर होता.

पाणचक्की

तो पैसा पक्षाच्या आणि केंद्राच्या तिजोरीतून यायचा. वाटणारा हात त्याचा होता.

सडेतोड

म्हणजे केंद्राचा पैसा. म्हणजे प्यादं.

मेरिदाकर

नाही ना. केंद्राचंच प्यादं असता तर 2000-2001 मध्ये केंद्राशी भिडला नसता. फेडरल निवडणूक ट्रिब्युनलने राज्याचं निवडणूक मंडळ बदलायला सांगितलं, याच्या काँग्रेसने ऐकलं नाही, काही महिने राज्यात दोन-दोन मंडळं होती. मी ओळखायचो ते दुकानदार तेव्हा खिडकीत राज्याचा झेंडा लावायचे, म्हणायचे मेक्सिको सिटी आम्हाला शिकवणार का. त्यातले निम्मे त्याला मत न देणारे होते. शेवटी माघार घ्यावी लागली, मे 2001 मध्ये मतदान झालं आणि पान या पक्षाचा पात्रिसिओ पात्रोन जिंकला.

सडेतोड

सेर्वेरापुरतं सोडतो. प्यादं नव्हता, कासिके म्हणजे स्थानिक दांडगा पुढारी होता, आणि ते जास्त वाईट.

रेवती_क

आणि इव्होन ओर्तेगा त्याचीच भाची. पहिली निवडून आलेली बाई ती पण मामाच्या घरातून. यावर कोणाला बोलायचं असेल तर मी आहे इथे.