दवाखाना बंद झाल्यानंतर : रात्रीच्या डॉक्टरांचे अनुभव

फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला की सकाळपर्यंत रुग्णाला कोण पाहते? इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेशी झालेल्या २००४च्या करारानंतर बहुतेक जीपींनी (तेथील फॅमिली डॉक्टरांनी) संध्याकाळी साडेसहा ते सकाळी आठ आणि शनिवार-रविवार ही जबाबदारी सोडली व ती स्थानिक आरोग्ययंत्रणेकडे गेली. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी ती आपसांत वाटून घेतली. आपल्याकडे ती अजूनही बव्हंशी डॉक्टरांच्या मोबाइलवर चालते. वाचकांनी आपापले अनुभव कळवावेत; रात्री भेटलेल्या डॉक्टरांना आपल्या आजाराची कितपत माहिती होती, हे अवश्य लिहावे, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

लीड्स : सासऱ्यांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात होता आणि त्यांना घरीच ठेवायचे ठरले होते. वेदना, मळमळ आणि अस्वस्थता यांवरची इंजेक्शने जीपींनी आधीच लिहून दिली होती. ती घरात डब्यात ठेवायची आणि गरज पडली की नर्सने येऊन द्यायची, अशी येथील पद्धत आहे. शनिवारी रात्री वेदना असह्य झाल्यावर आम्ही आरोग्यसेवेचा १११ हा मदत क्रमांक लावला. फोन घेणारी व्यक्ती डॉक्टर नसते. ती संगणकावरचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारते, आणि अशा रुग्णाबद्दल ‘श्वास नीट चालू आहे का’ येथून सुरुवात झाली की संताप येतो. (जिवाचा धोका आधी तपासण्यासाठीच हा क्रम आहे, हे नंतर पटते.) पुढे डॉक्टरांचा फोन आला, पण जीपींनी रात्रसेवेसाठी पाठवायचे टिपण त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. डब्यासोबतचा, औषधांच्या मात्रा लिहून सही केलेला कागद मी फोनवर वाचून दाखवला, तेव्हा कुठे नर्सला पाठवायचे ठरले. ती पहाटे आली.

बर्मिंगहॅम, निवृत्त जीपी : वरील प्रसंग वाचून वाईट वाटले, परंतु जुनी पद्धत उत्तम होती असे कोणी समजू नये. २००४पूर्वी माझ्याकडे नोंदलेल्या यादीतील रुग्णांची चोवीस तासांची जबाबदारी माझीच असे. फोन पत्नी घेई, आणि रात्रभर घरभेटी करून आल्यावर सकाळच्या पहिल्या रुग्णाला मी काय न्याय दिला असेल, याची मला शंकाच आहे. नव्वदच्या दशकात परिसरातील जीपींनी सहकारी गट करून पाळ्या वाटून घेतल्या. तो काळ मला सर्वांत समाधानाचा वाटतो, कारण रात्रीचा डॉक्टर त्याच भागातला असे आणि सकाळी त्याला फोन करून विचारता येई. पुढे वर्षाला सरासरी सहा हजार पौंडांवर पाणी सोडून रात्रीतून मोकळे होण्याची मुभा मिळाली आणि मी ती लगेच घेतली.

उट्रेख्त, नेदरलँड्स : येथील रात्रकेंद्रात थेट न जाता आधी फोन करावा लागतो, हे नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावे. तपासणारा डॉक्टर बहुधा जवळपासच्याच दवाखान्याचा असतो आणि त्याचा अहवाल आपल्या हाउसआर्ट्सकडे (फॅमिली डॉक्टरांकडे) जातो. मुलीच्या कानदुखीवर मात्र पॅरासिटामॉलच मिळाली.

सातारा जिल्हा, डॉक्टर : आमच्याकडे करार वगैरे काही नाही. तालुक्याच्या गावातील आम्ही तिघांनी रविवार वाटून घेतले आहेत आणि दारावरच्या पाटीवर त्या दिवशीच्या डॉक्टरांचे नाव असते. केसपेपर कपाटात कुलूपबंद राहतो, म्हणून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांना मी वही दिली आहे. चालू औषधे, ॲलर्जी आणि शेवटचा ईसीजी तिच्यातच असतो. छातीत दुखू लागल्यास आमच्यापैकी कोणाचीही वाट न पाहता १०८ला फोन करावा, असे पहिल्याच पानावर लिहिले आहे. २०१४पासून सुरू झालेल्या या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. ईसीजीचा कागद कालांतराने फिकट होतो, तेव्हा वहीत मूळ कागद नव्हे तर त्याची झेरॉक्स लावावी.