मागच्या ड्रममधून खरखर आणि टक टक, शू टाकून तीन महिने पण झाले नाहीत

केजचा_व्हॅनवाला
राम राम मंडळी. माझ्याकडं सात सीटर पेट्रोल व्हॅन आहे, मागच्या चाकांवर चालणारी, ८७ हजार किलोमीटर झालेत. सकाळी लेकरं शाळेत सोडायची आणि मग दिवसभर केज, अंबाजोगाई, बीड जिकडचं भाडं मिळंल तिकडं. दिवाळीच्या आधी मागून किरकिर यायली म्हणून एका गॅरेजला टाकली, त्यानं दोन्ही ड्रम (चाकासोबत फिरणारं ब्रेकचं भांडं) लेथवर मारून म्हणजे आतून घासून आणले, शू (ड्रमला आतून दाबून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) नवे टाकले, २८०० घेतले. पंधरा दिवस गप होती. आता ब्रेक दाबला की डाव्या अंगानं घर्र घर्र खरखर आणि उजवीकडून टक... टक... टक, जसं कोणी ड्रमच्या आत बसून टिचकी मारायलंय. परवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागं बसलेली मावशी म्हणली, बाबा चाक निघायलंय का काय बघ की. गॅरेजवाला म्हणतो नवे शू हायेत, घासून बसतील, चालवत राहा. तीन महिने होत आले, अजून किती घासायचे? पुन्हा शू टाकू का ड्रमच नवे घेऊ? ड्रमची जोडी घ्यायची म्हणजे खिशाला भोक.

हायवे_किंग_परभणी
भौ सरळ कंपनीचे शू टाका, लोकल टाकले असतील त्यानं. विषय संपला.

बालाघाट_पाना
विषय एवढ्यात कसा संपंल. आधी आवाज कुठून यायलाय ते तर बघा, न बघता सामान टाकलं म्हणूनच ही पाळी आली.

केजवाले भाऊ, तीन गोष्टी करून सांगा. एक, मोकळा रस्ता बघून २०-२५ च्या स्पीडला पायाचा ब्रेक न दाबता हँडब्रेक हळूहळू ओढा, बटन दाबून धरूनच ओढा म्हणजे अडकणार नाही. या व्हॅनला हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, त्यामुळं तेव्हाच आवाज आला तर पुढच्या डिस्क ब्रेकवरचा संशय गेला, मामला मागचाच. दुसरं, ब्रेकला हातच लावू नका, नुसती पळवा, तेव्हा पण घर्र येत असंल आणि स्पीडसोबत वाढत असंल तर ते बेअरिंग आहे, शूच्या नावानं बोंबलून उपयोग नाही. तिसरं, घाट उतरून आलात की मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. न्या म्हणतोय, लावू नका, पोळंल. एक अंग दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असंल तर तिथं शू मोकळा सुटत नाही, नाहीतर थंड अंग ब्रेकच धरत नाही.

केजचा_व्हॅनवाला
केलं दादा. हँडब्रेकला दोन्ही आवाज आले. ब्रेक न दाबता एकदम गप. तापायचं म्हणाल तर उजवं चाक चांगलं गरम आणि डावं निम्मं पण नाही. मला वाटलं डावीकडं जास्त खरखर म्हणजे तेच तापंल, हे तर उलटंच.

बालाघाट_पाना
उलटं नाही, बरोबर आहे. डावं चाक ब्रेकच धरत नाही, म्हणून थंड. सगळं वजन उजव्यावर. आता खोला.

सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी गिअरमध्ये नको आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला पाहिजे, नाहीतर ड्रम निघणारच नाही आणि तुम्ही हातोडीनं कडा फोडून बसाल. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली वाकू नका, स्टँड लावा, नसंल तर काढलेलं चाक चॅसीखाली सरकवा. ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं दिसतील, त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा अर्धा आटा आवळत चला, ड्रम आपोआप पुढं येतो.

आत काळी पूड असंल. कंप्रेसरची हवा मारू नका, कोणी कितीही म्हणो. जुन्या लायनरात (शूवरचा घासणारा थर) ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नसलं तरी ती पूड छातीत जाऊन बसायची गोष्ट नाही. पाण्याचा फवारा मारा, तोंडाला रुमाल बांधा, ओल्या फडक्यानं पुसा. पण पुसायच्या आधी फोटो काढा, पुसल्यावर पुरावा जातो. आणि एका वेळी एकच बाजू, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठं हे विसरलात तर दुसरी बघता येते.

केजचा_व्हॅनवाला
खोलली. रविवार गेला सगळा पण लय गोष्टी दिसल्या.

डावीकडं ड्रम काढला तर पूड नव्हतीच, त्याच्या ठिकाणी काळा चिखल, वांग्याच्या भरतासारखा. लायनर ओलं, खालच्या अंगाला जास्त, नखानं खरवडलं तर तेलकट लगदा निघायला. बॅकप्लेटच्या (ड्रममागची न फिरणारी प्लेट) मधोमध जिथून ॲक्सल (चाक फिरवणारा दांडा) बाहेर येतो तिथून खाली ओघळ आलेला.

उजवीकडं सगळं कोरडं. पण ड्रमच्या आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत नाही, बारीक बारीक रेषा लागतात, जशा बोल्टला आटे असतात तशा. आणि बॅकप्लेटवर शू जिथं टेकतो ते उंचवटे चकाचक घासलेत, एकावर तर नख अडकंल एवढी खाच. लायनर दोन्हीकडचं अजून जाड आहे. ओल म्हणजे व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा) गळायलाय ना? त्याचं रबराचं किट टाकून घेऊ का?

बालाघाट_पाना
थांबा, किट नका घेऊ अजून. सिलेंडरचं रबर हळूच उचलून बघा, त्याच्या आत तेल साचलंय का. किंचित ओलसर चालतं, थेंब पडला तर गळती. दुसरं म्हणजे तो लगदा थोडा काडीवर घेऊन एका वाटीत पाण्यात टाका (ती वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नका, आमच्या घरी यावरून महाभारत झालंय). ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. गिअर ऑइल वर तरंगतं, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा नाकात गेला की विसरत नाही.

वाळूज_लेथ
उजव्या बाजूचं मी सांगतो, २२ वर्षं लेथवर उभा आहे. ते आटे म्हणालात ना, ते खरोखर आटेच आहेत. ड्रम फिरतो आणि कटिंगचं टूल आतून बाहेर सरकतं, मग टूल घाईनं सरकवलं तर आतमध्ये स्क्रूसारखी रेषा पडते. आता तुम्ही ब्रेक दाबला की शू त्या आट्यात धरतो आणि ड्रम त्याला बाहेरच्या अंगाला ओढत नेतो, जसा नट बोल्टवर चढतो. थोडा चढला की दाबून धरणारी स्प्रिंग त्याला मागं खेचते आणि शू बॅकप्लेटवर आपटतो. टक. परत चढतो, परत टक. त्यात उंचवट्यावर खाच पडलेली, तिथं तर तो अडकून अजून जोरात सुटणार.

डाव्या ड्रमला पण हेच आटे असतील, दोन्ही एकाच हातानं मारलेत ना, पण तिथं तेलावर शू घसरायलाय म्हणून टक येत नाही. नवा ड्रम घ्यायची गरज दिसत नाही. ड्रमवर मॅक्स डाया (जास्तीत जास्त आतला व्यास) म्हणून आकडा ओतलेला असतो, लेथवाल्याला आधी आतला व्यास मोजायला लावा. आकड्याच्या आत भरपूर जागा असंल तरच अगदी बारीक फीडनं, म्हणजे टूल हळू सरकवून, एक हात मारायचा आणि वरून पॉलिश पेपर आडवा-तिडवा फिरवायचा म्हणजे रेषेची दिशाच मोडते. जागा नसंल तर ड्रम भंगारात, तिथं हळहळ करू नका, पातळ ड्रम तापला की वाकडा होतो आणि तडकू पण शकतो. एवढी पॉलिश मारायला पाच मिनिटं लागतात, पण सुगीच्या दिवसात गिऱ्हाईक रांगेत असलं की ती पाच मिनिटंच वाचवली जातात, आमच्याच धंद्याची गोष्ट सांगायलोय.

केजचा_व्हॅनवाला
तरंगलं! आणि वास तर विचारू नका. सिलेंडरचं रबर आतून कोरडं ठणठणीत. म्हणजे गिअर ऑइल? ते ड्रममध्ये कसं काय?

बालाघाट_पाना
तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, म्हणून डिफ्रन्सचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) तेल ॲक्सलच्या नळीतून चाकापर्यंत येतंच. चाकाजवळ एक ऑइल सील त्याला अडवतं, ते गेलं की तेल थेट ड्रममध्ये. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना ही भानगड नसते, म्हणून लोकांना पहिलं सिलेंडरच आठवतं.

पण नुसतं सील टाकून घरी येऊ नका. गाडीखाली शिरा, ॲक्सलच्या नळीवर वरच्या अंगाला छोटी टोपी असलेला ब्रीदर असतो. गाडी पळली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती या ब्रीदरमधून बाहेर जाते. ब्रीदर बुजला तर हवेला वाट एकच, सील. नवं सील पण मग थोड्याच दिवसात ओलं. तुम्ही ऊसतोडीची माणसं फडापर्यंत सोडत असाल तर पैज लावतो, बुजलेलाच असंल.

केजचा_व्हॅनवाला
दादा तुम्ही काय आमच्या गाडीखाली बसून लिहायलाव का. सोडतो की, फडात पण जातो. ब्रीदर शोधायलाच दहा मिनिटं गेली, काळ्या मातीचा गोळा वाळून दगड झालेला, स्क्रूड्रायव्हरनं टोकरला. टोपी फिरवली तर फुस्स करून हवा निघाली.

आता ते ओले शू पेट्रोलमध्ये भिजवून जाळून घेतले तर चालतील का? आमच्याकडं सगळे तसंच करतात. नवे आहेत हो, जीवावर येतंय.

बालाघाट_पाना
नाही. लायनर तेल पितं, वरचं जळतं, आतलं राहतं. घाटात तापलं की परत वर येतं आणि तेव्हा गाडीत लेकरं असतील. शू चारही बदला, एका बाजूला नवे आणि दुसरीकडं जुने असले की गाडी ओढते. डावा ड्रम ब्रेक क्लीनरनं नाहीतर साबणाच्या पाण्यानं धुवा, डिझेलनं नको, त्याचा पापुद्रा राहतो.

सील मात्र मेकॅनिककडून, बॅकप्लेटचे नट काढून ॲक्सल ओढावा लागतो. ब्रेकचा पाइप सुटला तर त्यात शिरलेली हवा काढून घ्या. नंतर डिफ्रन्सच्या तेलाची लेव्हल बघायला विसरू नका, जे ड्रममध्ये आलं ते तिथूनच कमी झालंय. उजवीकडच्या खाचेला वेल्डिंगचा थेंब टाकून घासून सपाट करतात, जास्त खोल असंल तर प्लेट बदला. उंचवट्यांवर जास्त तापमानाचं ग्रीस, नखावर मावंल एवढंच. साधं चॅसीचं ग्रीस वितळून लायनरवर येईल आणि आपण परत इथंच भेटू. डाव्या-उजव्या ॲडजस्टरची (शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा) अदलाबदल नको. ड्रम बसवून पेडल पंधरा-वीस वेळा दाबा, मग चाक हातानं फिरवलं तर किंचित घासत फिरलं पाहिजे.

हायवे_किंग_परभणी
म्हणजे शू टाकायचेच होते ना शेवटी 😄

वाळूज_लेथ
टाकायचे होते, पण सगळ्यात शेवटी.

केजचा_व्हॅनवाला
नऊ दिवसांनी लिहायलोय, मधी लग्नाची भाडी होती. दोन्ही सील, चार शू, ड्रमला वाळूजवाल्या काकांनी सांगितला तसा बारीक हात आणि आडवा पेपर. लेथवाल्यानं मोजल्याशिवाय मारलं नाही, जागा होती. खाच भरून घेतली. काल मांजरसुंब्याचा घाट गाडी भरलेली असताना उतरलो, खाली थांबून दोन्ही चाकांजवळ हात नेला, गरम पण सारखं. खरखर नाही, टक टक नाही.

एकच राहिलं. रिव्हर्स घेतली आणि पहिला ब्रेक मारला की एकदाच टक् होतं, मग पुढं घेतली की परत एकदा. ते चालतंय का?

बालाघाट_पाना
चालतंय. दिशा बदलली की शू जरासा सरकून दुसऱ्या टोकाला टेकतो, त्याचा आवाज आहे. दोनदा यायला लागला तर फोटो टाका.