'प्रीपोन' म्हटलं की इतकं का झोंबतं?

शब्दवेडी:
काल खडूसमास्तरांनी लिहिलं की "प्रीपोन, डू द नीडफुल, पास आउट, रिव्हर्ट हे इंग्रजीच नाही, अडाण्यांची खिचडी आहे, असलं बोलणाऱ्यांमुळे बाहेर आपलं हसं होतं." तिथेच दोन ओळी खरडणार होते पण डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा.

मास्तर, प्रीपोन आपल्याकडच्या कुठल्या कारकुनाच्या सुपीक डोक्यातून निघालेला नाही. १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला एका वाचकानं पत्र लिहून सुचवला होता, पोस्टपोनला जोडीदार हवा म्हणून. तिकडे रुजला नाही, इकडे रुजला, आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. डू द नीडफुल तर साहेबाचंच, त्यांच्या पत्रांत सर्रास असायचं, पुढे त्यांनी सोडलं आणि आपल्या फायलींत राहिलं. सासूनं ट्रंकेत टाकलेली पैठणी सुनेनं काढून नेसली तर हसायचं सुनेला? आणि पास आउट म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं असेल तर खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते तिथे काय पोरं रांगेनं चक्कर येऊन पडतात?

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी प्रीपोन म्हटलं आणि समोरचा गालातल्या गालात हसला. पुढची पंधरा मिनिटं प्रत्येक शब्द तोंडात घोळवून मग बोलत होते. नोकरी गेलीच. हसणारा गोरा नव्हता हो, आपल्यातलाच होता.

खडूसमास्तर:
परेड लष्करात होते, तुम्ही बीकॉम करून कवायत केली होती का? असो.

प्रीपोन तुम्हाला दिला, घ्या. पण रिव्हर्टवर मी तसूभर हलणार नाही कारण मी भोगलंय. आमचा क्लायंट लंडनचा. शुक्रवारी संध्याकाळी मी मेल टाकला, 'प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस', म्हणजे काय ते कळवा. त्या सद्गृहस्थानं तीन आठवड्यांचं काम खरंच रिव्हर्ट केलं, आधीचा कोड परत चढवला आणि वीकेंडला गेला. सोमवारी मॅनेजरनं माझी जी काढली ती अजून आठवते. भाषा बदलते वगैरे सोफ्यावर बसून म्हणायला ठीक आहे.

कुचकट_कांदा:
म्हणजे चूक तुम्ही केलीत आणि चार वर्षं राग आमच्यावर 😂

खडूसमास्तर:
हो. आणि 'रिव्हर्ट बॅक' म्हणणाऱ्यांवर दुप्पट.

कुचकट_कांदा:
पिवळा पितांबर चालतो, गाईचं गोमूत्र चालतं, लेडीज बायका पण चालतात, रिव्हर्ट बॅकनंच काय घोडं मारलंय.

मायबोलीचा_पाईक:
इंग्रजीची एवढी काळजी आणि इथे लोक बिनदिक्कत 'माझी मदत कर' लिहितात. 'मला मदत कर' असतं हो!! ही हिंदीची लागण आहे. माझा भाचा परवा म्हणाला 'मी तुझी वाट बघून राहिलो', मी त्याला जेवू दिलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
'बघून राहिलो' आमच्याकडे आजे-पणज्यांपासून आहे भाऊ. पोराला जेवू घाला पहिले.

नाशिकरोडवाला:
इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आमच्या देवळालीनं त्यांना काय दिलं ते बघा. डूलॅली म्हणजे वेडा, डोक्यावर परिणाम झालेला. तो शब्द म्हणजे आमची देवळाली. कॅम्पात वेड लागलेल्या गोऱ्या सोल्जरांचं हॉस्पिटल होतं त्यावरून पडला.

शब्दवेडी:
शब्द देवळालीचाच, पण वेड्यांच्या हॉस्पिटलची गोष्ट सगळे छातीठोक सांगतात, ती तितकी सरळ नाही. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जायला देवळालीत येऊन थांबायचे. बोटी फक्त थंडीच्या मोसमात. चुकून एप्रिलमध्ये पोचला की पुढचे कित्येक महिने ना काम, ना कवायत, नुसतं ऊन आणि दारू. त्यात डोकं फिरायचं. मूळ शब्द 'डूलॅली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

नाशिकरोडवाला:
माझे आजोबा कॅम्पात कँटीनला होते, ते काय खोटं सांगत होते? तुम्ही कधी देवळालीला आलात तरी का?

शब्दवेडी:
आजोबांना खोटं कोण म्हणतंय? मिलिटरी हॉस्पिटल होतंच. मी म्हणतेय शब्द कशावरून पडला ते.

नाशिकरोडवाला:
म्हणजे खोटंच म्हणताय, जरा गोड करून.

खडूसमास्तर:
इथे मात्र बाईंचं बरोबर आहे (लिहिताना हात थरथरतोय). असल्या गोष्टी जितक्या झकास तितक्या संशयास्पद. पॉश घ्या. म्हणे मुंबईला येणाऱ्या बोटीत जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन सावलीची, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं छापायचे. आजवर तसं एक तिकीट कुणाला सापडलेलं नाही.

कुचकट_कांदा:
अरे ही गोष्ट मी गेटवेला पाहुण्यांना दहा वर्षं सांगतोय 😭 आता काय सांगू?

शब्दवेडी:
कुशी सांगा. आरामाची नोकरी म्हणजे कुशी जॉब, तो आपल्या 'खुशी'वरून. ब्लायटी 'विलायती'वरून. पहिल्या महायुद्धात गोरे शिपाई खंदकात बसून घराला ब्लायटी म्हणायचे. त्यांनी आमचे शब्द वाट्टेल तसे चावले तर ती डिक्शनरी, आणि आम्ही एक प्रीपोन म्हटलं की अडाणी.

खडूसमास्तर:
प्रीपोन दिला म्हटलं ना मघाशी! किती वेळा घेणार?

नाशिकरोडवाला:
हॉस्पिटलचं काय ठरलं पण? मी रविवारी मामांना विचारून फोटो टाकतो. मग बघू.

मायबोलीचा_पाईक:
'फोटो टाकतो' नाही, 'छायाचित्र'

वऱ्हाडी_ठेचा:
भाचा जेवला का?