कंबरदुखीसाठी घरी इन्व्हर्जन टेबल घ्यावे का?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझे वय 47 असून मी बँकेत काम करते, म्हणजे दिवसातील सात-आठ तास खुर्चीत जातात. नऊ महिन्यांपूर्वी पाण्याने भरलेला पिंप सरकवताना कंबरेत उसण भरली. दोन दिवसांत उतरेल अशा समजुतीने मी शेक घेत राहिले, परंतु आठवडाभरात दुखणे उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूने पिंढरीत आणि तेथून पावलाच्या वरच्या भागावरून थेट अंगठ्यापर्यंत उतरले. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यांमधली गादी सरकून उजवीकडची शीर दाबत असल्याचे दिसले. अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगून गोळ्या, व्यायाम आणि फिजिओथेरपी सुचवली. दवाखान्यात ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणण्याचा उपचार) घेतले की फार हलके वाटायचे, पण रिक्षातून घरी येईपर्यंत बरेचदा कळ पुन्हा सुरू झालेली असायची.

आता त्रास पूर्वीच्या निम्म्यावर आला आहे, पण पूर्ण जात नाही. माझे दीर कॅलिफोर्नियात असतात. ते कित्येक वर्षे घरी इन्व्हर्जन टेबल वापरतात, म्हणजे घोटे पट्ट्यांत अडकवून फळीसकट मागे उलटे व्हायचे ते यंत्र, आणि त्यामुळेच आपली कंबर टिकली असे ते म्हणतात. योगायोगाने आमच्याच सोसायटीत एक गृहस्थ त्यांचे वापरलेले टेबल विकत आहेत. घ्यावे का, घेतल्यास किती कोनात आणि किती वेळ वापरावे, आणि याने सरकलेली गादी खरोखर जागेवर जाते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, वजन 64 किलो आहे.

मणिबंध (सातारा)

मी गेली अठरा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण आधी एक गोष्ट विचारणे मला आवश्यक वाटते. पायाचा अंगठा वर उचलताना उजवीकडे ताकद कमी वाटते का, चालताना पाऊल फरपटते का, लघवीला अडचण होते का, किंवा जांघेच्या आणि गुदद्वाराच्या आसपासची जागा बधिर वाटते का? यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी असतील तर टेबलाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि पहिल्या दोन असतील तर आठवडा वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

आता गादीविषयी. उलटे झाल्याने गादी ‘जागेवर बसते’ ही समजूत मला चुकीची वाटते. सरकलेला भाग कपाटाच्या खणासारखा आत ढकलला जात नाही. शरीर तो हळूहळू शोषून घेते, आणि बहुसंख्य रुग्णांत हे काही महिन्यांत कोणत्याही यंत्राशिवाय घडते. आपला त्रास निम्म्यावर आला, त्यामागे बहुधा हीच प्रक्रिया आहे. टेबलाने होते ते एवढेच की मणक्यांवरचा दाब काही वेळ उतरतो आणि आवळून बसलेले स्नायू सैल पडतात. तेवढा आराम खरा असतो, त्याला मी कमी लेखत नाही, पण तो तात्पुरता असतो.

पुराव्यांबाबत दोन्ही बाजू सांगणे रास्त होईल. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील एक छोटी प्राथमिक चाचणी 2012 साली प्रसिद्ध झाली. एकाच गादीच्या त्रासामुळे शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांपैकी टेबल वापरणाऱ्या गटात 77 टक्के लोकांची शस्त्रक्रिया टळली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण 22 टक्के होते. आकडे मोहात पाडणारे आहेत, परंतु रुग्ण जेमतेम दोन डझन होते, हे विसरून चालणार नाही. याउलट वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2013 साली सर्व प्रकारच्या ट्रॅक्शनचा आढावा घेतला, तेव्हा 32 चाचण्यांतील 2762 रुग्णांच्या माहितीतून वेदना किंवा हालचाल यांत फारसा फरक पडत नसल्याचेच दिसले, आणि इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन देऊ नये असे स्पष्ट लिहिले. म्हणून मी माझ्या रुग्णांना टेबल विकत घ्या असे सांगत नाही. मात्र ज्याच्याकडे ते आहे आणि ज्याला त्याने बरे वाटते, त्याला ते टाकून द्या असेही सांगत नाही.

कोनाबाबत मात्र लोकांचा फार गैरसमज असतो. कंबरेच्या वरच्या शरीराचे वजन ढोबळमानाने एकूण वजनाच्या निम्मे धरू, म्हणजे आपल्या बाबतीत 32 किलो. फळी आडवेपणापासून 30 अंश खाली झुकली की त्यातील निम्मा, म्हणजे 16 किलोंचा ओढा कंबरेवर येतो, आणि पाठ फळीला घासत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. साठ अंशांवर तो 87 टक्के होतो. म्हणजे साठ अंशांपासून पूर्ण उलटे लटकेपर्यंत ओढा फक्त 13 टक्क्यांनी वाढतो, पण डोळ्यांवरचा आणि डोक्यातील रक्तवाहिन्यांवरचा भार तेवढ्यासाठी शेवटपर्यंत वाढवत न्यावा लागतो. पूर्ण उलटे होण्याने कंबरेला जादा काही मिळते असे मला आजवर दिसलेले नाही. सुरुवात 15 ते 20 अंशांपासून, एक-दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि पुढेही 30 ते 45 अंशांच्या वर नाही, अशी माझी मर्यादा असते. आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या बैठ्या कामाच्या व्यक्तीला उपयोगी पडेल. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नॅकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभे असताना दाब 100 धरला तर खुर्चीत बसल्यावर तो 140 आणि उताणे निजल्यावर सुमारे 25 भरला. यंत्राशिवाय, नुसते आडवे झाल्याने तीन चतुर्थांश दाब उतरतो!

शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्तदाब आणि डोळे. उलटे झाल्यावर डोळ्यांतील दाब वाढतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी शीर्षासन करणाऱ्या 75 जणांचा दाब मोजून 2006 साली दाखवून दिले की तो सुमारे दुप्पट होतो. निरोगी डोळा हे सोसतो, पण काचबिंदू असल्यास ते धोक्याचे आहे, आणि काचबिंदू बराच काळ काहीही त्रास न देता आत वाढत राहतो. दृष्टिपटलाचे आजार, हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडे, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीकडे सरकणे), छातीत फार जळजळ होण्याचा त्रास किंवा गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर टेबलाच्या वाटेला जाऊ नये. आपली रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून आपल्या डॉक्टरांची स्पष्ट परवानगी आणि नेत्रतज्ज्ञांकडून एकदा डोळ्यांचा दाब तपासणे, या दोन गोष्टी पैसे देण्यापूर्वी करा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ठाणे_पूर्व

मी 61 वर्षांचा निवृत्त बसचालक आहे आणि चार वर्षे हे टेबल वापरतो आहे. मणिबंध यांनी लिहिलेले बरोबर आहे. माझी कंबर टेबलाने बरी झाली नाही, पण संध्याकाळी सात मिनिटे घेतली की रात्रीची झोप लागते, आणि ज्याची झोप वर्षभर उडाली आहे त्याला याची किंमत कळेल.

वापरलेले टेबल घेणार असाल तर माझा अनुभव लक्षात ठेवा. उंची ठरवणारी जी नळी असते, तिच्यात ओळीने भोके असतात आणि स्प्रिंगची खीळ त्यांपैकी एकात जाऊन ‘टक्’ असा आवाज करते. माझ्याही टेबलाची खीळ जुनी होती. एके दिवशी आवाज न ऐकताच मी मागे झुकलो. नळी बोटभर सरकली, तोल डोक्याकडे गेला आणि मी मनात नसताना जवळजवळ पूर्ण उलटा झालो. घोटे पट्ट्यांत होते म्हणून पडलो नाही, पण हाताने परत येता येईना. हातपाय झाडून उपयोग नव्हता, उलट घोटे आवळले जात होते. शेवटी माझ्या सौ. स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी फळी ओढून मला सरळ केले. घोट्यांवरचे निळे वळ आठ दिवस राहिले. तेव्हापासून मी तीन नियम पाळतो. घरात कोणी नसताना टेबलावर जायचे नाही, कोन अडवणारा पट्टा कधीही काढायचा नाही, आणि खीळ बसली की नाही हे नळी दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहायचे. उंचीही आपल्या मापाची लावावी लागते. कुटुंबातील दुसऱ्या कोणी वापरून भोक बदलले असेल तर तुमचा तोल बिघडतो.

आणि वर येताना घाई नको. मी आडवेपणाला आलो की तेथेच एक मिनिट थांबतो, मग डोके थोडे वर घेतो, आणि मगच उतरतो. पहिल्या महिन्यात मी झटकन उभा राहिलो की कंबरेत अशी कळ यायची की घेतलेला सगळा आराम वाया जायचा.

सदाशिव_पेठ

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीने योग शिकलेल्यांना उलटे लटकण्याचा दुसरा मार्ग ठाऊक असतो. रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था 1975 साली सुरू झाली. तिथे भिंतीतील कड्यांना बांधलेल्या दोरांवर शीर्षासन करवून घेतात. दोर, त्यावर घडी घातलेली सतरंजी किंवा ब्लँकेट, जांघेच्या मुळाशी येतो, पावले भिंतीला टेकतात आणि डोके मोकळे राहते. माझ्या कंबरेला यामुळे टेबलापेक्षा अधिक मोकळेपणा मिळाला, कारण भार घोट्यांवर आणि गुडघ्यांवर न येता ओटीपोटाच्या हाडांवर येतो. परंतु घरच्या खिडकीच्या गजाला दोर बांधून हे कोणी करू नये. शिक्षक शेजारी असतानाच करायची ही गोष्ट आहे, आणि उच्च रक्तदाब किंवा डोळ्यांचा त्रास असलेल्यांना आमचे शिक्षक हे करू देत नाहीत. स्त्रियांनी मासिक पाळीच्या दिवसांत उलटी आसने करू नयेत, असाही तेथील दंडक आहे.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मणिबंध यांच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते. अंगठ्याची ताकद दोन्ही पायांत सारखी आहे, बधिरपणा किंवा लघवीचा त्रास नाही. एक गोष्ट मात्र मी पहिल्या लेखनात सांगितली नव्हती, कारण तिचा कंबरेशी काही संबंध असेल असे मला वाटलेच नव्हते. माझ्या आईला काचबिंदू आहे आणि ती दहा वर्षे डोळ्यांत थेंब घालते आहे. त्याचा काही संबंध येतो का?

दुसरे असे की टेबल घ्यायचे नसेल तर तोच आराम घरी कसा मिळवावा? बँकेतून घरी आल्यावरचा तासभर मला सर्वांत जड जातो.

मणिबंध (सातारा)

संबंध नक्कीच येतो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे डोळे तपासल्याशिवाय टेबलाला हातही लावू नका. त्याचा निकाल येईपर्यंत शीर्षासन, सर्वांगासन आणि दोरही नकोत.

घरी आल्यावर जमिनीवर सतरंजी टाकून उताणे निजा आणि पिंढऱ्या खुर्चीवर किंवा सोफ्यावर ठेवा, म्हणजे खुबे आणि गुडघे दोन्ही काटकोनात येतील. दहा ते पंधरा मिनिटे तसेच राहा. कंबर जमिनीला आपोआप टेकते आणि शिरेवरचा ताण उतरतो. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. त्यानंतर लगेच दहा मिनिटे चाला, कारण आराम मिळालेल्या वेळेत केलेली हालचालच पुढे उपयोगी पडते. एक पथ्य सकाळचे आहे. रात्रभर गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंचीही सेंटिमीटरभर जास्त भरते. त्या फुगलेल्या अवस्थेत वाकल्याने गादीवर अधिक ताण येतो, म्हणून उठल्यानंतरचा पहिला तास पुढे वाकून केर काढणे किंवा बादली उचलणे टाळा. अवकाशात गेलेल्यांचा मणका काही सेंटिमीटर लांबतो आणि त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना सुरुवातीच्या दिवसांत कंबरदुखी होते, हे मी माझ्या रुग्णांना मुद्दाम सांगतो, कारण ‘मणका ताणला की दुखणे गेले’ ही कल्पना मनातून काढणे मला फार अवघड जाते.

गोदाकाठ (नाशिक)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला, उजव्या डोळ्यात तो 24 आला, आणि 21 पर्यंतचा दाब सर्वसाधारण धरतात असे त्यांनी सांगितले. काचबिंदू आहे असे अजून म्हणता येत नाही, पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत, तोपर्यंत उलटे होणे पूर्ण बंद, असे त्यांनी मला बजावले. आपण सांगितले नसते तर कंबरेसाठी मी डोळे तपासायला गेलेच नसते.

खुर्चीवर पाय ठेवून निजणे रोज करते आहे. कळ पिंढरीपर्यंत न उतरता आता मांडीत थांबते, आणि जेवणानंतर गंगापूर रस्त्याने वीस मिनिटे चालणेही जमू लागले आहे. टेबल नाकारायला मी त्या गृहस्थांकडे गेले तेव्हा ठाणे_पूर्व यांनी सांगितल्याप्रमाणे नळीला दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहिला. खीळ तिसऱ्या हिसक्याला सुटली. त्यांनी माझ्यासमोरच विक्रीची पाटी काढली आणि नवी खीळ मिळेपर्यंत टेबल कोणालाही न देण्याचे कबूल केले.